स्पॅनिशचा सब्जंक्टिव्ह मराठीतून शिकवा ना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत परदेशी भाषा शिकण्यावर लेख होता, त्यात स्पॅनिशबद्दल असं आलंय की सुरुवातीला सोपी वाटते पण सब्जंक्टिव्ह (इच्छा, शंका किंवा अजून न घडलेली गोष्ट सांगायला लागणारं क्रियापदाचं वेगळं रूप) आला की मुलं गळतात, कारण ही भानगड आपल्याकडे नाहीच. ते वाचून राहवेना म्हणून लिहायला बसले. आपल्याकडे ती आहे हो! इंग्लिशमध्ये नावापुरती उरलीय, आणि आपण स्पॅनिश इंग्लिशमधून शिकतो म्हणून आपल्यालाही वाटायला लागतं की आपल्याकडे नाही. ज्या पेपरात तो लेख छापून आला त्याच पेपरच्या चौथ्या पानावर सब्जंक्टिव्हची सात-आठ रूपं मी पेनने गोल करून ठेवलीयत, ती पुढे सांगते.

माझ्याबद्दल थोडं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता रिटायर झालेय. मुलगा-सून स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असतात, नात सात वर्षांची आहे, तिचं मराठी छान आहे पण मैत्रिणींशी, खेळताना, रागावली की सगळं स्पॅनिश, म्हणून मी साठीनंतर स्पॅनिश शिकायला लागले. इथल्याच एका क्लासला जात होते. सर तरुण, मेहनती, भाषा उत्तम, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार पद्धतीबद्दल आहे, आणि ती सगळीकडे सारखीच दिसते.

झालं असं की सरांनी फळ्यावर लिहिलं, 'आय वॉन्ट टु कम' आणि त्याखाली 'आय वॉन्ट हिम टु कम', आणि म्हणाले करा स्पॅनिश. पहिलं सगळ्यांना आलं, किएरो बेनिर. दुसऱ्याला आम्ही बाराच्या बाराजणांनी तसंच काहीतरी ओढूनताणून लिहिलं, कारण इंग्लिशमध्ये दोन्हीकडे टु कम आहे ना. बरोबर उत्तर आहे किएरो के बेंगा. सर म्हणाले इथे सब्जंक्टिव्ह लागतो, इंग्लिशमध्ये असं काही नसतं त्यामुळे लॉजिक शोधू नका, विश, डाउट, इमोशन अशी लिस्ट पाठ करा. मुलांनी माना डोलावल्या आणि पाठ करायला घेतलं. त्या बारातली दहा मुलं घरी मराठी बोलणारी होती, आणि एकालाही कोणी विचारलं नाही की बाबा हे वाक्य तू आईला कसं सांगशील?

कसं सांगू आपण? 'मला यायचंय.' आणि दुसरं, 'त्याने यावं असं मला वाटतं.' बघा ना, आपणच दोन वेगळी रूपं वापरली! ज्याची इच्छा तोच येणार असेल तर यायचंय, इच्छा एकाची आणि येणारा दुसरा असेल तर यावं. स्पॅनिश अगदी याच जागी बेनिर सोडून बेंगावर जातं. चौथीतलं पोरही यात चुकत नाही, 'त्याला यायचं असं मला वाटतं' असं कुठलाच मराठी माणूस बोलत नाही. म्हणजे जो नियम आपल्या तोंडात लहानपणापासून बसलाय तो बाजूला ठेवून आम्ही इंग्लिशमधून वळसा घालून तिथेच यायला बघत होतो, आणि वाटेत निम्मे दमत होते.

बरं, रूपं बनवायचं काय? त्याचा तर फारच बाऊ केलाय. रेग्युलर क्रियापदांसाठी एकच गोष्ट लक्षात ठेवायची. साध्या वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्या, शेवटचा ओ काढा, आणि स्वर उलटा लावा. आब्लार म्हणजे बोलणं, मी बोलते म्हणजे आब्लो, ओ काढला, आता आर-वाल्या क्रियापदाला एरवी आ लागतो त्याऐवजी ए लावायचा: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. कोमेर म्हणजे खाणं, याला एरवी ए लागतो तर इथे आ: कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. बिबिर म्हणजे जगणं, राहणं, हे ईर-वालं पण तेही एर-वाल्यासारखंच आ घेतं: बिबा, बिबास, बिबा, बिबामोस, बिबाइस, बिबान. झालं! 'तो बोलतो' आब्ला, 'त्याने बोलावं' आब्ले. 'तो खातो' कोमे, 'त्याने खावं' कोमा. ही स्वरांची अदलाबदल स्पॅनिशने काल-परवा काढलेली नाही, लॅटिनमध्येच आमो (मी प्रेम करतो) चं आमेम आणि विवो (मी जगतो) चं विवाम व्हायचं, तेच झिजत झिजत इथपर्यंत आलंय.

'मी'च्या रूपापासून सुरुवात का करायची तर त्याने पुढची पुष्कळ क्रियापदं फुकटात मिळतात. तेनेर (जवळ असणं) चं मी-रूप तेंगो, म्हणून तेंगा. देसिर (सांगणं) चं दीगो, म्हणून दीगा, स्पेनमध्ये फोन उचलला की 'दीगा?' म्हणतात ते हेच, म्हणजे 'बोला'. सालिर (बाहेर पडणं) चं साल्गो, म्हणून साल्गा. खरी हट्टी अशी सहाच आहेत, दे, मग एस्ते, सेआ, बाया, आया आणि सेपा, म्हणजे देणं, असणं (दोन प्रकारचं), जाणं, सहायक 'असणं' आणि ठाऊक असणं. ती पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही, पण सहा म्हणजे काही डोंगर नाही.

आता तुमच्या चौथ्या पानाकडे येते. डावीकडे निधनवार्ता. 'मृतात्म्यास शांती लाभो.' स्पेनमधल्या पेपरात याच जागी डी.ई.पी. अशी तीन अक्षरं असतात, देस्कान्से एन पास, 'शांततेत विसावो'. देस्कान्सार म्हणजे विश्रांती घेणं, आर-वालं, रेग्युलर, म्हणून देस्कान्से. त्याच्या खाली वाढदिवसाचा फोटो, 'आपणांस उदंड आयुष्य लाभो, सर्व मनोकामना पूर्ण होवोत.' तिकडे म्हणतात के कुम्प्लास मुचोस मास, 'अशी आणखी पुष्कळ वर्षं पूर्ण करो', कुम्प्लिर, ईर-वालं, रेग्युलर, तू-रूप कुम्प्लास. आणि एक गंमत बघा, लाभो एकाचं, लाभोत अनेकांचं, होवो-होवोत, आपण शेवटी त लावतो. स्पॅनिश न लावतं, देस्कान्से-देस्कान्सेन, कुम्प्ला-कुम्प्लान. हे मी वहीत शेजारी शेजारी लिहिलं तेव्हा मला किती आनंद झाला सांगू!

उजवीकडे छोट्या जाहिराती. 'वधू पाहिजे, पदवीधर असावी, स्वयंपाक यावा.' खाली नोकरीची, 'ऑफिससाठी मुलगी हवी, इंग्लिश बोलता यावं.' हवीय म्हणजे अजून सापडलेली नाही, कोण आहे माहीत नाही, म्हणून आपण असावी, यावं म्हणतो. सापडली की लगेच म्हणतो 'आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे, तिला इंग्लिश येतं.' स्पॅनिश तंतोतंत असंच करतं, बुस्को ऊना पेर्सोना के आब्ले इंग्लेस, 'इंग्लिश बोलणारी व्यक्ती शोधतोय', तिथे आब्ले. आणि सापडल्यावर तेंगो ऊना आमीगा के आब्ला इंग्लेस, 'माझी एक मैत्रीण इंग्लिश बोलते', तिथे आब्ला. इंग्लिशमध्ये दोन्हीकडे 'हू स्पीक्स'. हा फरक इंग्लिशमधून समजावताना पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात, मराठी माणसाला छोट्या जाहिरातींचं एक पान पुरतं.

बागेतली पाटी घ्या, 'हिरवळीवर चालू नये.' तिकडची, नो पीसे एल सेस्पेद. पिसार म्हणजे पाय देणं, आर-वालं, म्हणून पीसे. 'करू नकोस'ची सगळी रूपं स्पॅनिशमध्ये सब्जंक्टिव्हमधूनच येतात, नो आब्लेस बोलू नकोस, नो कोमास खाऊ नकोस. आदराने सांगायचं असेल, म्हणजे आपलं 'आपण' लावून, तर होकारही तसाच, पासे म्हणजे 'या, आत या'. आणि आपण सगळ्यांनी मिळून काही करायचं असेल तर आब्लेमोस, 'बोलूया', कोमामोस, 'जेवूया'. आणि पाऊस येवो न येवो, कोणी काही म्हणो, काहीही होवो असं आपण दिवसातून किती वेळा बोलतो? पासे लो के पासे, 'काहीही होवो'. दीगान लो के दीगान, 'कोणी काही म्हणोत'. क्रियापद दोनदा म्हणायची लकबसुद्धा येवो न येवोसारखीच.

गोव्याकडच्या वाचकांना तर मी काय सांगावं, 24 जूनला सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारताना 'व्हिवा सांजाव' ओरडतात ना, ते व्हिवा म्हणजे पोर्तुगीजमधलं हेच रूप, 'चिरायू होवो'. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोघींनी ते लॅटिनकडून घेतलंय. मेक्सिकोत 15 सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात येऊन घंटा वाजवतात आणि तीनदा 'बिबा मेखिको' (बिबा म्हणजे तेच व्हिवा) म्हणतात, खाली चौकातली माणसं तेच पुन्हा ओरडतात, 1810 साली दोलोरेस गावात पाद्री मिगेल इदाल्गो यांनी चर्चची घंटा वाजवून लोकांना उठावासाठी बोलावलं त्याची ती आठवण. बिबिर, बिबो, बिबा. ज्यांना एकही नियम येत नाही त्यांनाही हे एक रूप आधीपासून येतं, तिथून सुरुवात केली तर मुलं घाबरतील का?

मला स्वतःला हे पुस्तकातून नाही उमजलं. आमच्याकडे रात्री दहा वाजता, तिकडे संध्याकाळ असते, तेव्हा नात व्हिडिओ कॉल करते. ठेवताना नेहमी म्हणते, 'आजी, के देस्कान्सेस.' मी कित्येक महिने ते गुड नाइटसारखं ऐकत होते. क्लासमधली लिस्ट पाठ करून करून कंटाळले होते त्या दिवसांत एकदा तिने असंच म्हटलं आणि मी तिलाच विचारलं, बाळा, याचं मराठीत काय गं? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'तुला छान झोप लागो.' तिला ना सब्जंक्टिव्ह माहीत ना आज्ञार्थ, पण के देस्कान्सेसला तिने बरोब्बर लागो शोधून काढलं. त्या रात्री मी उठून जुनी व्याकरणाची वही काढली, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, आयुष्यभर फळ्यावर लिहिलेले क्रियापदाचे चार अर्थ, आणि एकेका स्पॅनिश वाक्याला समोर मराठी लिहीत गेले. मला ताप आला होता तेव्हा तिने पाठवलं होतं के ते मेखोरेस, 'तू लवकर बरी होवो'. सून जेवायला बसताना म्हणते के आप्रोबेचे, 'अन्न अंगी लागो'. मेखोरार, आप्रोबेचार, देस्कान्सार, सगळी आर-वाली, सगळी रेग्युलर, सगळीकडे ए.

स्पॅनिशवाल्यांनाही हा इच्छेचा भाग एके काळी वेगळा दिसत होता. आंतोनियो दे नेब्रिखा यांचं कास्तेयानोचं, म्हणजे स्पॅनिशचंच, व्याकरण 1492 साली सालामांकाला छापलं, त्यात क्रियापदाचे पाच अर्थ सांगितलेत आणि त्यात सुब्खुंतिबोच्या शेजारी ओप्तातिबो, म्हणजे इच्छा दाखवणारा, वेगळा मांडलाय. नंतर तो सुब्खुंतिबोमध्येच धरायला लागले. आपल्याही शाळेच्या पुस्तकात 'देव तुझं भलं करो' हे आज्ञार्थात टाकलेलं असतं, स्वतंत्र नाव नाही, म्हणून मुलांच्या लक्षात राहत नाही की हे काही वेगळं आहे. आणि ओखाला हा शब्द, 'असं होवो रे देवा' या अर्थाचा, त्याच्यामागे सब्जंक्टिव्ह येतोच येतो, तो अरबीतून आलाय, त्यात अल्लाचं नाव आहे, आपल्याकडच्या इन्शाअल्लाच्याच घरातला. ओखाला गाने, 'जिंकू दे रे देवा'.

स्पेलिंगबद्दल थोडंच. बुस्कार (शोधणं) चं रूप रोमनमध्ये लिहिताना सी जाऊन क्यू-यू येतं, य्येगार (पोचणं) मध्ये जी च्या पुढे यू येतो, आणि मुलं याला अनियमित समजून वेगळं पाठ करतात. अहो देवनागरीत लिहून बघा, बुस्को-बुस्के, य्येगो-य्येगे, काही म्हणजे काही बदललेलं नाही! रोमनमधला सी पुढे ए आला की क चा स होतो म्हणून तो क वाचवायला स्पेलिंग बदलतं, आवाज तोच राहतो. आमच्याकडे क ला मात्रा दिली की के, विषय संपला. म्हणून मी माझे सगळे तक्ते आधी देवनागरीत केले आणि मग रोमनमध्ये, माझा अर्धा त्रास तिथेच गेला.

मराठीने सगळंच सुटतं असं मात्र मी म्हणणार नाही, कारण काही ठिकाणी मराठीनेच मला पाडलंय. 'पोचलीस की फोन कर' हे आपण भूतकाळाच्या रूपाने म्हणतो, पोचायची असते अजून तरी पोचलीस. मी सुनेला तसंच भूतकाळ घालून लिहिलं आणि तिला वाटलं मी आधीच्या कुठल्यातरी प्रवासाबद्दल विचारतेय. तिथे हवं क्वांदो य्येगेस, सब्जंक्टिव्ह, कारण पोचणं अजून व्हायचंय. तसंच 'तू इथे राहतोस याचा मला आनंद आहे' यात आपण राहतोस असं सरळ म्हणतो, स्पॅनिश तिथे बिबास म्हणतं. उलट 'सकाळी लवकर उठावं' हा आपला विध्यर्थ, पण स्पॅनिश तिथे सब्जंक्टिव्ह न लावता 'उठायला हवं' अशी वेगळीच रचना करतं.

आणि सगळ्यात मोठी चूक, जी मी क्लासमधल्या सगळ्या मराठी मुलांच्या वहीत पाहिली. मी यावं, तू यावंस, त्याने यावं, आम्ही यावं. मराठीत हे यावं जवळजवळ जागचं हलतच नाही, आणि हललंच तर कर्माप्रमाणे हलतं, तिने पत्र लिहावं, तिने चिठ्ठी लिहावी, तिने निबंध लिहावा. लिहिणारं कोण हे क्रियापद सांगतच नाही, ते तिने सांगतं. स्पॅनिशमध्ये उलटं, कर्ता बहुतेक वेळा बोलतच नाहीत आणि सगळा भार शेवटच्या स, मोस, न वर. म्हणून आपली मुलं सगळीकडे आब्ले लिहून मोकळी होतात. ही चूक इंग्लिशमधून शिकवणाऱ्याला दिसते पण का होते ते कळत नाही, तो म्हणतो निष्काळजीपणा आहे. निष्काळजीपणा नाहीये तो! मुलाच्या डोक्यात त्याची भाषा चालू आहे. हे ज्याला माहीत आहे तो पहिल्याच दिवशी सांगेल की बाबांनो, कधी वापरायचं ते यावं-करावंकडून शिका, पण शेवट कसा बदलायचा ते लाभो-लाभोतकडून शिका.

म्हणून माझी विनंती आहे, क्लास चालवणाऱ्यांना आणि आपल्याकडे परदेशी भाषांची पुस्तकं काढणाऱ्यांना, की वर्गात मराठी मुलं बसलेली असताना निदान या एका धड्यासाठी इंग्लिश बाजूला ठेवा. आठवडाभर पुरेल. मुलांना म्हणा घरून कालचा पेपर घेऊन या, चौथं पान उघडा आणि सगळे वो, वोत, आवा, आवी, आवं शोधून काढा. मग फळ्यावर आब्ले लिहा. लहान गावांतून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुलं आज स्पॅनिश शिकायला येतायत, त्यांना आधी इंग्लिशचं व्याकरण यायला हवं अशी अट का असावी? त्यांचं मराठी चांगलं असतं, या धड्यात तीच पुढे राहतील.

पत्रासोबत मी एक कागद जोडलाय, आब्लार, कोमेर आणि बिबिरची सगळी रूपं देवनागरीत आणि समोर मराठी. जागा असली तर छापा, छोट्या जाहिरातींच्या शेजारीच छापलात तर फार बरं होईल, कारण मुलांनी ती दोन्ही एकत्र वाचावीत असं मला वाटतं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, नाशिक